दहापैकी गुण किती?



मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझी नात तीन लेखांचे कागद घेऊन आमच्याकडे आली. ती शाळेत संगीत विषय घेऊन बगरूतची तयारी करीत होती. तिच्या बाईंनी वर्गाला एक वेगळाच अभ्यास दिला होता. सालामोने रॉस्सी या जुन्या संगीतकारावर तीन निरनिराळ्या ज्ञानकोशांत आलेले लेख वाचायचे, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि ते का दिले हे एका पानात सांगायचे. नात म्हणाली, "सबा, तू मुंबईला छापखान्यात चुका शोधायचास ना? मग सांग, यातला चांगला कुठला?"

मी मुंबईत नऊ वर्षे मुद्रितशोधक होतो ही गोष्ट खरी. पण मुद्रितशोधक अक्षराची चूक शोधतो. मजकूर खरा की खोटा, हे बघणे त्याचे काम नव्हे. काही शंका आली तर आम्ही मूळ प्रत काढून ताडून बघत असू, आणि ती चूक मूळ प्रतीतच असली तर समासात ‘मूळ प्रतीप्रमाणे’ असा शेरा मारून मोकळे होत असू. या शेऱ्याने किती खोट्या गोष्टी माझ्या हाताखालून शुद्ध छापून गेल्या असतील ते देव जाणे. नातीला मी हे सांगितले नाही. चष्मा लावला आणि वाचायला बसलो.

रॉस्सी आपल्यापैकी पुष्कळांना नावाने ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. युरोपातला प्रबोधनकाळ संपत आला असता इटलीतल्या मांतुआ शहरात हा ज्यू संगीतकार होऊन गेला. जन्म १५७० च्या सुमारास. गोन्झागा घराण्याच्या दरबारात तो व्हायोलिन वाजवी आणि रचना करी. मोन्तेव्हेर्दीसारखा मोठा माणूस त्याच दरबारी नोकरीला होता. १५८९ ते १६२८ या काळात रॉस्सीच्या रचनांची तेरा पुस्तके छापली गेली. त्यांवर आपल्या नावापुढे तो ‘एब्रेओ’, म्हणजे हिब्रू माणूस, असे छापी. मांतुआच्या ज्यूंना कपड्यावर पिवळी खूण लावून हिंडावे लागे. १६०६ साली ड्यूक व्हिन्चेन्झोने रॉस्सीला त्यातून सूट दिली. सूट त्याला मिळाली, ज्ञातीला नाही.

तेरा पुस्तकांपैकी एकच हिब्रूत आहे. ‘हाशिरीम अशेर लिश्लोमो’ असे त्याचे नाव. हिब्रू साल ५३८३, म्हणजे इ.स. १६२२-२३ मध्ये ते व्हेनिसला छापले. त्यात ३३ रचना आहेत, कुठे तीन आवाजांसाठी, कुठे थेट आठ आवाजांसाठी. प्रत्येक आवाजाला आपली वेगळी चाल, आणि सगळ्या चाली एकमेकींत गुंफलेल्या. चर्चमध्ये आणि राजवाड्यात गाजणारी ही कला त्याने तेहिलीम आणि सिनेगॉगच्या प्रार्थनांना लावली. पुस्तक छापतानाची अडचण वाचून मला जुळाऱ्यांची दया आली. स्वरांची लिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. शेवटी स्वर डावीकडूनच ठेवले आणि त्यांच्याखाली प्रत्येक हिब्रू शब्द न फोडता जसाच्या तसा उजवीकडून वाचायचा ठेवला. गाणाऱ्याने डोळे कसे फिरवायचे ते त्याचे त्याने बघावे!

आता ते तीन लेख. कोशांची नावे लिहीत नाही. त्याने काही साधणार नाही.

पहिला अर्ध्या स्तंभाचा, कोरडा. जन्म ‘सु. १५७०’, नोकरी, पुस्तकांची यादी, आणि मृत्यूबद्दल एवढेच की १६२८ नंतर त्याचा पत्ता लागत नाही. दुसरा लेख लांब आणि मोठा गोड. त्यात जन्माची तारीख होती, महिना होता, लहानपण होते. त्याने शलोमो राजाच्या गीतांना चाली लावल्या असे होते, आणि शेवटी १६३० साली बादशाही फौजेने मांतुआ लुटले त्यात तो सैनिकांच्या हातून मेला, असे डोळ्यांत पाणी येईल असे वर्णन होते. तिसरा त्याहून लांब. वाक्यावाक्याला टीप, जिकडेतिकडे ‘कदाचित’, ‘असावा’, ‘असे एक मत आहे’. दरबाराच्या हिशेबातल्या नोंदी एकूण एक दिलेल्या, पण रॉस्सीचे गाणे कानाला कसे लागते ते शेवटपर्यंत कळेना.

नातीने दुसऱ्याला नऊ दिले होते, तिसऱ्याला सहा आणि पहिल्याला चार. ती म्हणाली, "दुसरा वाचला तेव्हा मला तो माणूस भेटला. पहिल्यात तर काहीच नाही."

मी तिला म्हटले की तुला जो भेटला तो रॉस्सीच होता कशावरून? जन्मतारीख कुणाला सापडली, कुठे सापडली, ते लेखात नाही. मांतुआची लूट खरी, तिथे पसरलेली साथ खरी, ज्यूंना त्यांच्या मोहल्ल्यातून हाकलले तेही खरे. पण त्या गर्दीत रॉस्सी होता का? १६२८ ला त्याचे शेवटचे पुस्तक निघाले, १६३० ला शहर बुडाले, आणि मधली जागा लेखकाने आपल्या मनाने भरून काढली. शलोमो राजाच्या गीतांची गोष्ट तर सरळ चूक. पुस्तकाच्या नावात रॉस्सीने आपल्या शलोमो या नावावर एक गोड कोटी केली आहे. आत ‘शीर हाशिरीम’मधला मजकूर नाहीच. ज्याने पुस्तक उघडले नाही तो इथे हमखास फसतो. लेख तपासायचा असेल तर अशा जागी बोट ठेवून बघावे, असे मी तिला सांगितले.

नात काही सहजासहजी ऐकणारी नाही. ती म्हणाली, इंटरनेटवरच्या विकिपीडियातही लेखांना दर्जा देतात. अगदी लहान लेखाला ‘स्टब’ म्हणजे खुंट म्हणतात आणि सगळ्यांत वरच्याला ‘फीचर्ड’. लहान लेख तिथेही खालीच असतो, मग तू चार ओळींच्या लेखाला वर का चढवतोस? प्रश्न बरोबर होता. लहान म्हणजे प्रामाणिक असे काही नाही. आळशी माणसाचा लेखही लहानच असतो. शिवाय त्या पहिल्या लेखात एक मोठी उणीव होती. रॉस्सीने केले ते करायला धैर्य लागले, हे त्यात नव्हते. सिनेगॉगमध्ये असे गाणे चालेल का, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. व्हेनिसचे रब्बी येहूदा आर्ये मोदेना यांनी १६०५ मध्ये फेर्रारा येथे असताना ते चालते असा निर्णय लिहून दिला होता. तोच रॉस्सीच्या पुस्तकात पुन्हा छापला, वर मोदेनांनी प्रस्तावनाही लिहिली. आपल्या वाडवडिलांनी शेजाऱ्यांचे कीर्तन घेऊन त्यात मोशे आणि योसेफ यांची आख्याने लावली, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना रॉस्सीचे धाडस समजावून सांगायला नको. जो लेख हे सांगत नाही त्याने माणसाची जात, नोकरी आणि जन्मसाल सांगितले, माणूस राहिला.

मग प्रश्न असा उरतो: जिथे माहीत नाही तिथे लेखकाने काय करावे? हा नुसता लिखाणाचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. कादंबरी वाचणारा जाणून असतो की ही रचलेली गोष्ट आहे. कोश उघडणारा विश्वासाने उघडतो, त्याच्यापाशी ताडून पाहायला दुसरे काही नसते. त्या विश्वासावर रचलेले वाक्य खपवणे म्हणजे वजनात मारणेच नव्हे का?

पण सगळ्या चुकांना एका मापाने मोजणेही न्यायाचे नाही. जोस्कॅं दे प्रे हा त्या युगातला फार थोर संगीतकार. त्याचा जन्म साधारण १४४० चा, असे गेल्या शतकातल्या कित्येक कोशांत सापडेल. १९५६ साली मिलानच्या मोठ्या चर्चचे जुने कागद पुढे आले. त्यांत १४५९ पासून पगार घेणारा याच नावाचा एक गायक होता. तो हाच, असे धरले गेले. मग १४५९ ला मोठा पुरुष असायचा तर जन्म १४४० च्या आसपास हवाच. हिशेब चोख होता. १९९८ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिले की तो गायक निराळाच माणूस, दुसराच जोस्कॅं. आपला जोस्कॅं पुराव्यात प्रथम दिसतो तो १४७७ साली, दक्षिण फ्रान्समध्ये. आता त्याचा जन्म १४५० ते १४५५ च्या दरम्यान धरतात. म्हणजे चाळीस वर्षे सगळी विद्वान मंडळी चुकत होती. पण ती खोटे बोलत होती काय? मला नाही वाटत. त्यांनी आपला कागद दाखवला होता, म्हणून तर पुढच्यांना त्याच कागदावर बोट ठेवून चूक काढता आली. आमच्या त्या गोड लेखातली जन्मतारीख कुणी कशी दुरुस्त करणार? ती कुठून आली तेच माहीत नाही.

विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराची गोष्ट याहून गमतीची. त्याने १६२२ साली मृत्युपत्र केले, त्यात आपण ऐंशीव्या वर्षात असल्याचे लिहिले. त्यावरून सर्वांनी १५४३ हे साल धरले. साक्षात त्या माणसाचा शब्द, आणखी काय हवे? पुढे १५९८ चा एक कागद सापडला, त्यात त्याच बर्डचे वय ‘अठ्ठावन्न किंवा त्या सुमारास’ असे नोंदले आहे. मग जन्म १५४० च्या जरा अलीकडे किंवा पलीकडे जातो. एकाच माणसाच्या वयाच्या दोन नोंदी आणि दोन्ही जुळत नाहीत! आपल्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना वय विचारले की जसे उत्तर मिळे तसेच हे. चांगला लेख दोन्ही कागद पुढे ठेवतो आणि वाचकाला शहाणा समजतो.

बिनचूक असून वाईट असलेले लेखही असतात. जेसुआल्दो नावाच्या सरदाराने १५९० साली आपल्या बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून केला. घटना खरी आहे. पण लेखाची निम्मी जागा त्या एका रात्रीने खाल्ली आणि त्याच्या गाण्याला चार ओळी उरल्या, तर तो लेख संगीतकाराचा नव्हे, पोलीस चौकीचा. पालेस्त्रिनाचे उलट झाले. अनेक आवाजांचे गाणे चर्चमधून हद्दपार होणार होते आणि पोप मार्सेलसच्या नावाच्या आपल्या एका रचनेने त्याने ते वाचवले, अशी दंतकथा आहे. १८२८ साली त्याचे चरित्र निघाले त्याने ती आणखी पक्की केली. दंतकथा सुंदर आहे, तिच्यावर पुढे ऑपेराही झाला. दंतकथा म्हणून ती लेखात यावी, अवश्य यावी. प्रश्न फक्त ‘म्हणतात’ या शब्दाचा आहे.

आणि थट्टेचे काय? १९८० साली इंग्रजीत ‘न्यू ग्रोव्ह’ हा वीस खंडांचा संगीतकोश निघाला. त्यात गुल्येल्मो बाल्दिनी नावाच्या सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराचा लेख होता, खाली आधारही दिला होता. असा माणूस झालाच नव्हता! लेखकाने गंमत केली होती. पहिल्या छपाईनंतर तो काढून टाकला. हे ऐकून नात खूप हसली, मीही हसलो. पण रात्री मला वाटले, ज्याने ती पहिली प्रत घेऊन दूर गावच्या वाचनालयात ठेवली असेल, तिथे बाल्दिनी अजून जिवंत असेल.

वाचकहो, हे सगळे परक्या लोकांचे झाले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपणही कोशातला एक लेख आहोत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा. हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला आपला इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यांनी विचार करून त्या घटनेला इ.स.पू. १७५ हे साल दिले. आता कोशात ‘परंपरेनुसार’ असा शब्द आला की आपल्यापैकी काहींना राग येतो. आमच्या पूर्वजांवर अविश्वास दाखवला म्हणतात. मलाही पूर्वी येत असे. आपल्याबद्दल कोणी काय लिहिले याने काय होते ते आपण भोगले आहे. या देशात आपल्या लग्नांविषयी शंका काढल्या गेल्या, माणसे रस्त्यावर उतरली, आणि १९६४ साली क्नेसेटमध्ये सांगावे लागले की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत. म्हणून तर मला वाटते, ‘परंपरेनुसार’ हा शब्द आपल्याला कमी करत नाही. पण हे मी आज म्हणतो. माझ्या हातून काय घडले ते आता सांगायला हवे. नातीच्या त्या कागदांनी तेच उकरून काढले.

१९८४ साली आमच्या गावच्या सिनेगॉगने एक स्मरणिका काढली. छापखान्यातला माणूस म्हणून ती माझ्याकडे आली. त्यात कोकणातल्या एका जुन्या हजानसाहेबांची माहिती द्यायची होती. ते तिकडेच वारले होते. त्यांच्या आवाजाची आठवण सांगणारे चार म्हातारे होते, पण जन्मसाल कुणालाही सांगता येईना. बाकीच्या सर्व हजानांच्या नावापुढे साल होते, यांच्या नावापुढे मोकळी जागा. पान बोडके दिसू लागले. मी अंदाजाने १८९८ लिहिले. ‘सुमारे’सुद्धा लिहिले नाही; त्याने ओळ लांबत होती.

कुणीही विचारले नाही. स्मरणिकेवरून ते साल संगमरवरी पाटीवर गेले. १९९८ मध्ये लोकांनी त्यांची शताब्दी केली, मलिदा केला, भाषणे झाली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि गप्प होतो. मूळ प्रत मीच होतो.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या घराण्यातल्या एका बाईंनी मला फोन केला. त्यांना हजानसाहेबांच्या आईवडिलांचा कतुबा सापडला होता. त्यावर साल ५६६१. म्हणजे १९००-०१. बाईंनी फार हळू आवाजात विचारले, "काका, आमचे आजोबा लग्नाआधी जन्मले होते का?" मी म्हणालो, बघतो, काहीतरी घोटाळा असेल. आणि पुढे बघितले नाही. एका मेलेल्या बाईच्या नावाला, जिला मी कधी पाहिले नव्हते, माझ्या एका आकड्याने डाग लागला होता. आणि मला लाज वाटत होती ती स्वतःची चूक कबूल करायची.

नातीने शेवटी पहिल्या लेखाला सात दिले, तिसऱ्याला सात आणि दुसऱ्याला दोन. दोन कशाला, असे मी विचारले तर म्हणाली, तो वाचूनच मला रॉस्सी ऐकावासा वाटला, त्याचे दोन. मला हे पटले. मग आम्ही दोघांनी रॉस्सीचा कद्दीश लावून ऐकला. तो ऐकताना तिला मी हजानसाहेबांची गोष्ट सांगितली. तिने विचारले, "सबा, तुला दहापैकी किती देऊ?" मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना फोन केला आणि सर्व सांगितले. त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाटी बदला." कमिटीला मी पत्र दिले. १८९८ च्या आधी ‘सुमारे’ घालू म्हणजे भागेल, असे कुणी सुचवले; ते कसे भागणार? साल खोटेच आहे. दगडाचे काम करणारा माणूस येऊन पाहून गेला, आकडे भरून घेतले, वरून घासले. आता त्यांच्या नावापुढे मृत्यूचे साल आहे आणि जन्माच्या जागी गुळगुळीत दगड. शब्बाथला माझी बसायची जागा नेमकी त्याच्या समोर येते.